कापसाचा कप्पा

डोकं शांत ठेवा, म्हणे. एवढं सांगायला पुण्याहून एक बाई एसी गाडीतून आल्या होत्या. कारखान्याच्या सभागृहात त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली. टेबलावर छोटंसं रोप ठेवा. घरच्यांचा फोटो ठेवा. आवडीचा सुवास दरवळू द्या. आवाजाचा त्रास होत असेल तर हेडफोन लावा. प्रगती मॅडम त्यांचं नाव. बाई वाईट नव्हत्या, बोलणंही गोड होतं. पण तिसऱ्या रांगेत बसलेल्या समिना नदाफच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ऊसवाला माणूस प्लायवर मूठ आपटून विचारणार, माझी तोड कधी, आणि हिनं काय कानात गाणी लावून बसायचं?

समिना शेतकी विभागात कारकून. नोकरीला सोळा वर्षं झालेली, वय त्रेचाळीस, राहायला इंदापुरात. कारखान्याचं नाव कशाला हवंय, इंदापूर तालुक्यातलाच आहे एवढं पुरे. काम सांगायला सोपं. शेतकऱ्यानं ऊस लावला की लागणीची तारीख कारखान्यात नोंदवायची, आणि ज्याची लागण आधी त्याची तोड आधी, असा नियम. त्या क्रमाच्या यादीला पाळीपत्रक म्हणतात आणि ते समिनाच्या कॉम्प्युटरवर असतं. तोडणीची टोळी कुणाच्या उसाच्या फडात धाडायची हे मात्र शेतकी अधिकारी ठरवणार. म्हणजे टोळी साहेबांच्या हातात आणि शिव्या हिच्या पदरात.

बसायची जागा म्हणजे सहा बाय पाचचा प्लायचा कप्पा, पत्र्याच्या लांबलचक हॉलच्या टोकाला. पाठीमागच्या भिंतीपलीकडं वजनकाट्याची रांग. ट्रॅक्टरवाले हॉर्न देत उभे, त्यात गाण्यांची चढाओढ, आणि बरोबर हिच्या डोक्यावर भोंगा. 'ट्रॅक्टर नंबर अमुक, काट्यावर या,' असं दर दोन मिनिटाला. पुढून शेतकरी यायचे ते दोन्ही कोपरं प्लायवर टेकून वाकायचे. समिनाला खालून दिसायच्या फक्त हनुवट्या आणि गळ्यातले टॉवेल. भोंग्यावर आवाज चढवल्याशिवाय त्यांचं बोलणं पोचायचं नाही आणि एकदा आवाज चढला की राग त्याच्या मागोमाग आलाच. ही माणसं मुळात भांडखोर नव्हती. साहेबांच्या केबिनचं काचेचं दार कायम बंद, मग जो समोर दिसेल त्याच्यावर ओरडायचं, दुसरं काय करणार?

तिचा बाप वालचंदनगरला कंपनीत फिटर होता. क्वार्टरपुढं दोन हात बाग, तारेवर चढवलेला बोगनवेल, सगळं कसं नीटनेटकं. पण पन्नाशीत बापाचे दोन्ही कान गेले. जेवायला बसला की मीठसुद्धा ओरडून मागायचा आणि आपण ओरडतोय हे त्याला कळायचं नाही. आता दोन वर्षांपासून समिनाच्या डाव्या कानात बारीक शिट्टी वाजायला लागली होती. बारामतीच्या डॉक्टरांनी तपासलं, रक्तदाबाची गोळी चालू केली आणि म्हणाले, आवाजापासून लांब राहा. हिनं भोंगा हलवायचा अर्ज दिला. मग दुसरा दिला. तिसऱ्याला उत्तर आलं, 'पाहू.'

आणि आता ही व्याख्यानं. व्याख्यान संपल्यावर प्रत्येकाच्या हातात एकेक रोप दिलं. प्लॅस्टिकचं!

ते रोप तिनं घरी आणून अल्ताफच्या पुढ्यात आदळलं. अल्ताफ तिचा नवरा. बसस्टँडमागं त्याचा गादी कारखाना आहे, तीन पिढ्यांचा. कापूस पिंजायचा, गाद्या-उशा भरायच्या. माणूस कमी बोलणारा.

"ह्याला पाणी घालू का काय करू?" समिना म्हणाली. "सोळा वर्षं झाली. एक भोंगा हलवत न्हाईत आणि डोकं शांत ठेवा म्हणत्यात."

अल्ताफनं रोप उलटसुलट करून बघितलं. "माझ्या दुकानात मागच्या खोलीत बसल्यावर स्टँडवरचा हॉर्न ऐकू येतो का गं तुला?"

समिनानं आठवून बघितलं. खरंच येत नव्हता. कापसाच्या ढिगाआड बसलं की एसटी स्टँड असून नसल्यासारखा.

पुढच्या रविवारी नवराबायकोनं मिळून आठ पातळ गाद्या शिवल्या. गादीचं नेहमीचं निळ्या पट्ट्यांचं कापड समिनानं नको म्हटलं, त्यानं दवाखाना वाटतो. फिक्या हिरव्या रंगाचं जाड कापड घेतलं, कापूस दाबून भरला, हातहातभर अंतरावर टाके घातले, वरच्या कडेला नाड्या लावल्या. सोमवारी ऑफिस उघडायच्या आधी अल्ताफ टेंपो घेऊन आला आणि कप्प्याला आतून गाद्या बांधून गेला. भोंग्याच्या बाजूला दोन पदरी. प्लायच्या वर टीचभर उंच येतील अशा, म्हणजे कोपरं टेकायची सोय राहिली नाही. त्याऐवजी कप्प्यात दोन खुर्च्या आल्या, खाली घरची जुनी सतरंजी. डोळ्यांवर येणारी ट्यूब काढून टेबलावर एक छोटा दिवा. कोपऱ्यात पाण्याचा माठ. आणि माठाशेजारी कुंडी, खऱ्या तुळशीची, शेजारच्या टेबलावरच्या रेश्मानं दिलेली.

भोंगा बंद झाला नाही, पण शेजारच्या गावात कुणाच्या तरी लग्नात वाजतोय असा वाटायला लागला. समिनानं त्या दिवशी खुर्चीत बसून डोळे मिटले. कुणी बघितलं तर काय म्हणेल, हेसुद्धा तिच्या मनात आलं नाही.

पहिला माणूस आला तो म्हस्कूतात्या. मूळचे कऱ्हाटीचे, इकडं जमीन घेऊन राहिलेले. आवाज असा की काट्यावरचा ट्रॅक्टरवाला मान वळवून बघायचा. तात्या तरातरा आले, तोंड उघडलं, आणि खाली सतरंजी दिसली. थबकले. वाकले. पायताण काढून बाहेर नीट बाजूला ठेवलं आणि आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसले.

"व्हय बाय," ते म्हणाले, "माझी पाळी कधी हाय?"

समिनाला हसू आवरेना. हे तिनं योजलं नव्हतं. पण इथल्या माणसाचं असंच आहे. अंथरलेलं दिसलं की चप्पल काढायची, आणि चप्पल काढली की तो पाहुणा झाला. पाहुण्यानं यजमानाच्या घरात आवाज चढवायचा नसतो, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. तात्यांच्या चपला बघून पुढच्यानं काढल्या, त्याच्या बघून तिसऱ्यानं. दुपारपर्यंत कप्प्याबाहेर रांग लागली आणि हॉलमध्ये छपाईयंत्राची घरघर ऐकू यायला लागली. ऑफिसात चेष्टा झाली. कुणी देऊळ म्हणालं, कुणी दर्गा म्हणालं. समिनानं दोन्ही हसून सोडून दिलं.

नोव्हेंबर गेला, डिसेंबर लागला. कानातली शिट्टी कमी झाली. गोळी अर्धी झाली. रविवार कधी संपतो असं तिला सोळा वर्षांत पहिल्यांदा वाटायला लागलं. घरात चार खोल्या आणि सात माणसं. सासूबाईंचा टीव्ही, सबिनाचा, म्हणजे मुलीचा, बारावीचा अभ्यास, दारात गिऱ्हाइकं. आपली म्हणावी अशी टीचभर जागा तिला आयुष्यात कधी मिळाली नव्हती. ती आता मिळाली होती, स्वतःच्या हातानं शिवून.

मग यशराज साहेब आले. शेतकी अधिकारी. वय चाळीसच्या आत, शर्टाला कडक इस्त्री, बोलताना डोळे मोबाइलमध्ये. त्यांनी कप्पा बघितला, फोटो काढला, प्रगती मॅडमना पाठवला. तिकडून शाबासकी आली, ती साहेबांना. चार दिवसांनी कप्प्यावर पाटी लागली : 'समाधान कक्ष'. आणि त्या दिवसापासून साहेबांच्या काचेवर जो टकटक करेल त्याला आतूनच बोटानं इशारा व्हायला लागला. नदाफ मॅडमकडं जा.

समिनाला वाईट वाटलं नाही, खोटं कशाला बोलायचं. उलट बरंच वाटलं. साहेब विचारतात, लोक मानतात. चढला थोडा मान डोक्यात.

कौसल्या मावशी यंदा पहिल्यांदा आल्या त्या डिसेंबरच्या मध्यावर. नरसिंहपूरच्या अलीकडं भीमेच्या काठाला त्यांची दोन एकर जमीन. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, शेत एकटीनं सांभाळलेलं. ऊस आडसाली, म्हणजे जुलैत लावलेला आणि दीड वर्षानं तोडायचा. लागण चौदा जुलैची. पाळी अकरा डिसेंबरला होती. टोळी आली नव्हती आणि उसाला तुरा आला होता. तुरा आल्यावर ऊस उभा राहिला की आतून वाळत जातो, आठवड्याला वजन घटतं. शिवाय तोड उशिरा झाली की त्याच बुडख्यांवर पुढच्या वर्षीचा खोडवाही धड फुटत नाही. म्हणजे दोन वर्षांची माती.

हॉलच्या दारातून त्यांचा आवाज आधी आला. "कुठं हाय त्यो सायब? मला त्येलाच भेटायचंय." काचेआडून बोट हललं. मावशी कप्प्याकडं आल्या, चपला काढल्या, बसल्या. समिनानं माठातलं पाणी दिलं. गाईची चौकशी केली. मावशींनी सबिनाचा अभ्यास विचारला. समिनानं केबिनमध्ये फोन लावला आणि उत्तर सांगितलं, पुढच्या आठवड्यात टोळी येते. मावशी उठताना म्हणाल्या, "बरं वाटलं बाय तुज्याकडं येऊन."

पुढच्या आठवड्यात टोळी गेली नाही. मावशी परत आल्या. पाणी, गाय, सबिना, पुढचा आठवडा. तिसऱ्यांदा तसंच. चौथ्यांदा येताना त्यांनी समिनासाठी काठावरची वांगी आणली. समिनानं ती घेतली आणि रात्री भरून केली. तिला काहीच खटकलं नाही.

एकोणतीस जानेवारीला मावशी पाचव्यांदा आल्या तेव्हा हातात उसाचं एक कांडं होतं. चपला काढल्या. बसल्या. कांडं गुडघ्यावर ठेवून मोडलं. काडकन मोडलंच नाही ते, नुसतं फसकन दुमतं झालं. आत रस नव्हता, पांढरं कोरडं भेंड होतं.

"दशी पडली बग," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. ओशाळं हसू. आपलंच काही चुकलं असावं, तसं. "बाय, एक सांगू का? घरनं निघताना म्या ठरवून निघते. आज ह्यो ऊस सायबाच्या टेबलावर आपटायचा. एसटीत बसल्या बसल्या बोलायचं पाठ करते. आन् हितं येऊन बसलं की समदा राग जातो. लय गार वाटतं तुज्याकडं. घरी जाऊन फड बघितला की मग माघारी येतो. पर तवा कुणाव काडायचा? गाईव?"

समिनाच्या हातात पाण्याचा पेला होता. तो तिनं तसाच टेबलावर ठेवला.

तिनं पाळीपत्रक उघडलं. रोज उघडायची ती बाकीची यादी, कुणाकुणाची तोड राहिलीय ती. आज तिनं झालेल्या तोडीची यादी उघडली आणि लागणीच्या तारखांशी लावून बघितली. चौदा जुलैच्या नंतरच्या लागणी आणि तोड मात्र होऊन गेलेली. एक, दोन, पाच, अकरा. बावीस नावं निघाली. त्यातली सात साहेबांच्या सासुरवाडीच्या गावची. चार एका संचालकाच्या भावकीतली. प्रत्येक नावापुढं शेरा : 'विशेष'. आणि शेरा कुणी टाइप केला? समिना नदाफनं. दर चार-पाच दिवसांनी केबिनमधून एक चिठ्ठी यायची, त्यावर एक-दोन नावं असायची, ती यादीत वर घ्यायची. ती घेत गेली. गार कप्प्यात, दिव्याच्या उजेडात, तुळशीशेजारी बसून.

चिठ्ठ्या काय गेल्या वर्षी येत नव्हत्या? येत होत्या. पण गेल्या वर्षी एखादं नाव पुढं घुसवलं की दुपारच्या आत हॉल डोक्यावर घेतला जायचा. अमक्याचा ऊस तोडला आणि माझा का नाही? चार गावांची माणसं ते ऐकायची, त्यांत आणखी दहा मिळायची आणि साहेबाला काचेबाहेर यावंच लागायचं. त्या ओरड्यानं तिचे कान फुटत होते हे खरं. पण त्या ओरड्यालाच तर साहेब भीत होता! आणि तिनं काय केलं? कापूस भरला. लोकांच्या तोंडात, स्वतःच्या हातानं.

तिला राग आला. साहेबाचा आला, त्या पाटीचा आला, प्लॅस्टिकच्या रोपाचा आला, पण सगळ्यात जास्त स्वतःचा आला. चार वेळा त्या बाईला पाणी पाजून परत पाठवलं. वांगी खाल्ली तिची. हराम खाल्लं, असं तिला वाटलं.

तिनं खणातून कात्री काढली.

"काय करती गं?" मावशी घाबरल्या.

समिना खुर्चीवर चढली आणि नाड्या कापायला लागली. पहिली गादी धप्पकन खाली आली, मग दुसरी. भोंग्याकडची दोन पदरी सुटली तसा 'ट्रॅक्टर नंबर चार हजार एकशे दोन' असा आवाज अंगावर कोसळला. हॉलमधली माणसं उठून उभी राहिली. रेश्मा धावत आली. समिनानं कुणाकडं बघितलं नाही. आठच्या आठ खाली पाडल्या, सतरंजीची गुंडाळी करून भिंतीकडं भिरकावली आणि बावीस नावांची यादी छपाईला दिली.

"मावशी, चपला घाला."

"आं?"

"चपला घाला पायात. आन् घरनं निघताना जे ठरवलं व्हतं ते बोला. हितं न्हाय, तितं. साहेबाच्या म्होरं."

"आगं, पर आता राग न्हाय आला—"

"आणा!" समिना ओरडली. "तुमचा फड वाळलाय. दोन एकर. ह्यांच्या सासुरवाडीचा ऊस तुमच्या आधी तोडलाय आन् ते नाव म्या लिवलंय, ह्या हातानं. आता तरी येतोय का राग?"

मावशींच्या चेहऱ्यावरचं ओशाळं हसू हळूहळू गेलं. मग त्यांनी चपला घातल्या, पदर खोचला, मोडकं कांडं उचललं आणि काचेच्या केबिनकडं चालू लागल्या. आतून बोट हललं. मावशींनी बोटाकडं लक्ष दिलं नाही. दार ढकललं आणि कांडं टेबलावर असं आपटलं की साहेबांचा मोबाइल खाली पडला.

"खा!" मावशी म्हणाल्या. "चावून दाव रस येतो का. दीड वरीस पाणी पाजलंय म्या ह्येला, राती-अपराती मोटर चालू करून. खा की!"

साहेब उठून उभे राहिले. दारात समिना होती, हातात छापलेले कागद. तिच्यामागं हॉल गोळा होत होता. त्यात म्हस्कूतात्याही होते, त्यांची पाळी सोळा डिसेंबरची.

"नदाफ मॅडम, काय चाललंय हे? तुम्हाला समाधान कक्ष दिलाय ना त्यासाठी?"

"समाधान तुमचं होतं, साहेब," समिना म्हणाली. "त्यांचं नव्हतं." आणि ती हॉलकडं वळून नावं वाचायला लागली. नाव, गाव, लागणीची तारीख, तोडीची तारीख. बापासारखाच तिचाही आवाज चढला, भोंग्याच्या वर गेला. पाचव्या नावाला कुणीतरी शिवी हासडली. नवव्या नावाला तात्या केबिनमध्ये शिरले. बाविसावं वाचून होईपर्यंत चाळीस माणसं एका वेळी बोलत होती आणि सगळ्यांच्या चपला पायात होत्या.

तिसऱ्या दिवशी टोळी कौसल्या मावशींच्या फडात गेली. निम्मं वजन घटलं होतं, ते काही कुणी भरून दिलं नाही. खोडव्याचं काय होईल ते पुढं बघायचं. 'विशेष' शेरा बंद झाला असं साहेबांनी लेखी दिलं. खरंच बंद झाला की नाही, देव जाणे.

समिनाला खुलासा मागितला. कार्यालयीन शिस्तीचा भंग. तिनं दोन ओळी लिहिल्या : नावं मी टाइप केली ही माझी चूक आहे. वाचून दाखवली ही नाही. त्यानंतर तिची बदली झाली, काट्याच्या खिडकीवर, अगदी रांगेच्या तोंडाशी. पुढं धूळ, पाचटाचा भुगा, धूर आणि हॉर्न. बारामतीच्या डॉक्टरांनी गोळी पुन्हा पूर्ण केली आणि तिला रागावले.  मग एका संध्याकाळी अल्ताफ म्हणाला, "खिडकीला दोन गाद्या करून देऊ का? लहान?"

"नको," समिना म्हणाली. "भेटायला आलेल्याचा आवाज त्याच्याजवळच राहू दे."

पाळीपत्रकाची रोजची प्रत ती आता रेश्माकडून मागून घेते आणि खिडकीच्या आत चिकटवते. कुणी सांगितलेलं नाही. कुणी नकोही म्हटलेलं नाही अजून. फेब्रुवारीत एक माणूस खिडकीशी आला आणि गज धरून तिच्यावर इतका ओरडला की मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्न द्यायचा थांबला. समिनानं नोंद नंबर विचारला, यादीवर बोट फिरवलं आणि मान वर केली.

"तुमच्या आधी दोघं घुसलेत," ती म्हणाली. "नावं लिहून घ्या. आणि साहेब आत्ता केबिनमध्येच हायत."

त्या माणसानं नावं हातावर लिहिली आणि बडबडत, शिव्या देत हॉलच्या दाराकडं गेला. त्याला पाणी विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं. तिनं विचारलं नाही.